रोसारियोसाठी केलेली जमीन

स्टेजच्या उजव्या कोपऱ्यात तिचा पाय जागच्या जागी अडकला आणि वरचं अंग फिरत गेलं. हाड मोडल्याचा आवाज मी तिसऱ्या रांगेत बसून ऐकला. सुकी फांदी मोडते तसा होता. मग ती खाली आली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, नाच असाच संपतो.

गिटार वाजवणारा म्हातारा डोळे मिटून वाजवत होता. त्याला कळायला वेळ लागला. ती ओरडली नाही. एका हातानं घागरा ओढून तिनं पाय झाकला आणि दुसऱ्या हाताचा तळवा जमिनीवर ठेवून उठायला बघत राहिली. तेव्हा टाळ्या थांबल्या.

माझा मुलगा दत्ता पडद्याच्या बाजूनं धावत आला. बाईकडे तो नंतर गेला. आधी त्या कोपऱ्यात वाकून त्यानं फळीवर हात फिरवला आणि हात नाकाशी नेला. तिथे काय होतं ते त्याला ठाऊक होतं, आणि मला.

नाचणारी बाई स्पेनची. तिचं नाव रोसारियो. नाचाला फ्लामेंको म्हणतात. ज्या लाकडी जमिनीवर ती पडली ती दत्तानं केलेली होती. मी कुवेतला गेले होते मुलाचा संसार बघायला, आणि परत आले ती हे बघून. गावात विचारतात, आजी, कुवेत कसं आहे? म्हणून लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत. जमेल तसं सांगते.

मंगफ

निघायच्या आधी दत्ताचा फोन आला. "आये, येताना घरच्या माडाचो एक नारळ हाड."

"कित्याक रे? थय नारळ मिळणत नाय?"

"मिळतत. पण ते केरळचे."

"नारळाक काय गाव आसता मेल्या?"

"तू हाड गो."

मी नेला. पिशवीत कोकम होतं, कुळथाचं पीठ होतं आणि तळाशी नारळ होता. विमानतळावरच्या माणसानं नारळ हातात घेऊन कानाशी हलवला, हसला आणि परत दिला.

कुवेतात थंडी असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वाळवंट म्हणजे ऊन, एवढंच माहीत. मी दोन सुती लुगडी आणि एक पातळ शाल नेली होती. पहिल्या दिवशी बाहेर पडले आणि दात वाजायला लागले. नात म्हणाली, "आजी, इट्स विंटर." ती मराठीत विचारलेल्याचं उत्तर इंग्रजीत देते. मग माझी सून स्मिता हिनं स्वतःचं जाड जाकीट माझ्या लुगड्यावर चढवलं. तशी मी महिनाभर फिरले. गावात कुणी बघितलं असतं तर लहान पोरं मागे लागली असती.

स्मिता लातूरकडची. कुवेतच्या हॉस्पिटलात नर्स आहे. हाडांच्या वॉर्डात तिची ड्यूटी. दत्ता सुतार. आधी दहा माणसांच्या खोलीत राहून त्यानं दारं-खिडक्या केल्या, लग्न झाल्यावर मंगफला दोन खोल्या घेतल्या. आता तो स्टेज बांधणाऱ्या कंपनीत आहे. प्रदर्शनं, लग्नं, नाटकं, जे येईल त्याची जमीन करायची आणि काम झालं की उपटायची. मला ते पटलं नाही. आमच्याकडे सुतारानं केलेलं काम नातवंडं वापरतात. इथे सकाळी ठोकलेलं रात्री काढतात.

घराखालीच खबूसची भट्टी आहे. गरम भाकरीसारखी रोटी, थाळीएवढी मोठी. पहिले दोन दिवस चांगली लागली. तिसऱ्या दिवशी मी तांदळाचं पीठ मागितलं. पापलेट मात्र आमच्यापेक्षा चांगलं. हे लिहायला मला आवडत नाही, पण खरं आहे.

शुवैख

दत्ताचा कारखाना शुवैखला. सगळीकडे गॅरेज, गोदामं, लोखंड कापल्याचा वास. स्मिताला सुट्टी होती म्हणून ती मला घेऊन गेली. आम्ही पोचलो तेव्हा आत एक बाई दत्तावर चिडलेली होती.

काळे कपडे, पांढरे केस घट्ट बांधलेले, वय साठीच्या पुढे. नाक तरतरीत. तीच रोसारियो. बरोबर तिची भाची पिलार. तिला इंग्रजी येत होतं. रोसारियो स्पॅनिश बोलायची, पिलार त्याचं इंग्रजी करायची, स्मिता त्याचं मराठी करायची. पुढचं सगळं बोलणं असं तीन तोंडांतून झालेलं आहे. मी सरळ लिहिते.

दत्तानं नाचासाठी फळ्यांचा एक नमुना केला होता आणि खाली चांगला जाड स्पंज घातला होता. चालताना आवाज येऊ नये, गुडघ्याला हिसका बसू नये. त्याच्या मते ते उत्तम काम. रोसारियोनं बूट घातले, त्यावर उभी राहिली आणि एक पाय मारला. बद्द झालं. तिनं बूट काढून मला दाखवला. टाचेला आणि चवड्याला खिळेच खिळे ठोकलेले.

"हे खिळे मी कशाला घालते?" ती म्हणाली. "यानं माझ्या पायाखाली गादी घातली. मी काय झोपायला आलेय?"

दत्ताचे कान लाल झाले. तो मला म्हणाला, "आये, जल्मभर आवाज येव नये म्हणान काम केलंय. नि ही म्हणता आवाज होयो."

"मग दी आवाज. तुझ्या बापाशीचा काय जाता?"

त्यानं स्पंज उपटला. खाली आडव्या पट्ट्या लांब-लांब ठेवल्या, मध्ये पोकळी सोडली, वर फळी ठोकली. तिनं पाय मारला. मान हलवली. त्यानं एक पट्टी सरकवली. तिनं पुन्हा मारला. असं किती वेळ चाललं. शेवटी दत्तानं कान फळीला लावला आणि बोटांनी वाजवून बघितलं. मग मला म्हणाला, "ही जमीन न्हय आये, पखवाज आसा." स्मितानं ते सांगितल्यावर रोसारियो पहिल्यांदा हसली. तिनं एकच अट घातली. वर रंग नको, पॉलिश नको, कोरं लाकूड हवं. गुळगुळीत जमिनीवर पाय घसरतो.

जमीन चांगली की वाईट हे दत्ताला कळतं, त्याला कारण आहे. माझा नवरा दशावतारात बाईचं काम करायचा. देवळापुढच्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर त्यानं उभं आयुष्य नाच केला, पायाला काही झालं नाही. मग देवळांपुढे सिमेंटचे रंगमंच आले. मग मुंबईच्या थिएटरात तिकीट लावून प्रयोग सुरू झाले. तिथल्या चकचकीत जमिनीवर गिरकी घेताना तो पडला. गुडघा गेला. त्यानंतर त्यानं लुगडं नेसलं नाही, सोंगाच्या कपड्यांच्या पेटीला हात लावला नाही. काही वर्षं पडवीत बसून रस्त्याकडे बघत राहिला आणि मेला. दत्ता शाळेत होता तेव्हा.

खैरान

शुक्रवारी सुट्टी. कार्यक्रम भरवणाऱ्या माणसाचं समुद्राकाठी खैरानला घर होतं. तिथे त्यानं नाचवाल्यांना आणि कामगारांना जेवायला बोलावलं. शालेट म्हणतात त्याला. वाळूत ओळीनं घरं, पुढे पाणी. पाणी निळं, पण लाट नाही. आमच्या समुद्रासारखा गाजत नाही. मुका समुद्र मला आवडला नाही.

मी डब्यात सोलकढी नेली होती. रोसारियोनं वास घेतला, प्यायली, आणि भांडं पुढे केलं. पुरुष मांस भाजत होते. आम्ही चौघी बायका चटईवर बसलो. मी तिला विचारलं, "तू नाचायला लागलीस तेव्हा घरचे काही बोलले नाहीत?"

ती म्हणाली, घरचेच नाचायचे. तिची खापरपणजी अंगणात नाचायची. माणसं लोहारकाम करणारी. लग्न असो, बारसं असो, कुणी गायला लागलं, कुणी टाळ्या धरल्या की म्हातारी उठायची. तेव्हा पैसे नव्हते, तिकीट नव्हतं, बघणारे आणि नाचणारे वेगळे नव्हते. पणजीच्या वेळी शहरात दारूचे कॅफे निघाले. भिंतीशी लाकडी चौथरा, त्यावर रोज नाच. तिथे पहिल्यांदा या नाचाचा धंदा झाला. मोठा मान गाणाऱ्याला, नाचणारी त्याच्या जोडीला. आजीच्या वेळी कॅफे बंद पडले आणि थिएटरं आली. मोठ्या कंपन्या, परदेशाचे दौरे, रंगीत पडदे. मग नाचणारी पुढे आली आणि गाणारा मागे खुर्चीवर गेला. आई टुरिस्टांपुढे नाचली. ते जेवता जेवता बघायचे. "आईच्या पायापेक्षा काट्या-चमच्यांचा आवाज जास्त व्हायचा," रोसारियो म्हणाली. ती स्वतः सगळं जग फिरली. आणि ही पिलार कॉलेजात आरशापुढे शिकली, तिच्याकडे नाचाची पदवी आहे.

पिलार म्हणाली, "पदवी असून आत्या मला टाळ्याच धरायला लावते."

"टाळ्या आल्या की मग पाय," रोसारियो म्हणाली. "अंगणात असंच होतं."

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली. पूर्वी बाईनं कमरेच्या वर नाचायचं. हात, मनगट, मान. पाय आपटणं हे पुरुषांचं काम. पुढे काही बायकांनी पुरुषांसारखी विजार घालून पायांचं काम उचललं. तिच्या आजीनं तसं केलं तेव्हा तिला लोकांनी बाईत धरलं नाही.

मी म्हटलं, "आमच्याकडे उलटं. आमचे बाप्ये लुगडं नेसून बाई व्हायचे. माझ्या भावानं भर पंगतीत माझ्या नवऱ्याला बायलो म्हटलं. मी त्या भावाकडे पुन्हा पाणी प्यायले नाही."

स्मितानं हे सांगायला वेळ लावला. तिलाही ते पहिल्यांदाच कळत होतं. रोसारियोनं विचारलं, "तो चांगला नाचायचा?"

"माझ्यापेक्षा चांगली बाई व्हायचा," मी म्हटलं.

ती इतकी हसली की सोलकढी सांडली. मग तिनं मला पाय दाखवले. बोटं एकावर एक चढलेली, नखं काळी. म्हणाली, कुवेतचे हे प्रयोग शेवटचे. यानंतर पिलार नाचणार, ती टाळ्या धरणार. तिला फक्त एकदा न दुखता नाच पुरा करायचा होता. आम्ही भटकी माणसं, आमचे लोक फार पूर्वी तुमच्या देशातून चालत गेले असं म्हणतात, असंही ती म्हणाली. कोण कुठून चालत गेलं ते मला ठाऊक नाही. पण ते पाय मला ओळखीचे वाटले. नवऱ्याच्या पायांना मी तेल लावलेलं आहे.

हॉल

प्रयोगाच्या दिवशी सकाळी जमीन बसवून झाली. दत्ता मला बघायला घेऊन गेला. हॉलमध्ये त्याचे दोन सोबती होते, दोघेही आमच्याच बाजूचे. मी पिशवीतून नारळ काढून दिला.

आमच्यात नवी जमीन, नवा रंगमंच असला की नारळ फुटल्याशिवाय पाय पडत नाही. नवरा प्रत्येक प्रयोगाआधी फोडायचा. मुंबईच्या त्या थिएटरात मॅनेजरनं फोडू दिला नव्हता. दत्ता ते विसरला नाही. म्हणून कुवेतात तो प्रत्येक स्टेजवर गुपचूप फोडतो. पण ते स्टेज रंगवलेलं असतं, वर गालिचा असतो. ही जमीन कोरी होती, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

उजव्या कोपऱ्यात स्टेजच्या लोखंडी पायावर त्यानं नारळ आपटला. पाणी हाताच्या ओंजळीत धरून फळीवर शिंपडलं आणि गाऱ्हाणं घातलं, हळू आवाजात. "ह्या जमनीवर जो कोण पाय ठेयत, त्याका सांभाळ रे म्हाराजा." आम्ही तिघांनी "होय म्हाराजा" म्हटलं. मान वर केली तर रोसारियो दारात उभी होती. ती प्रयोगाआधी सगळी जमीन टाचेनं वाजवून बघायची, फळी न् फळी, त्यासाठी आली होती. दत्ता गोंधळला. त्यानं खोबऱ्याचा तुकडा तिच्या हातावर ठेवला. तिनं उजव्या हातात घेतला, चावून चावून खाल्ला आणि त्या कोपऱ्याकडे बघत राहिली.

तेवढ्यात मुदीर आला. मुदीर म्हणजे दत्ताच्या कंपनीचा साहेब. दत्तानं करवंट्या माझ्या पिशवीत टाकल्या आणि सुक्या फडक्यानं पाणी टिपलं. ओल्या फडक्यानं पुसायला हवं होतं. कोऱ्या लाकडात नारळाचं पाणी मुरतं आणि वर चिकट राहतं. सुतार आहे तो, त्याला हे कळतं. पण साहेब समोर होता.

रोसारियोनं जमीन वाजवून बघितली. मी तिथे बसून बघत होते. ती सगळीकडे गेली. त्या कोपऱ्यात टाच मारली नाही.

बाकीचं मी सुरुवातीला लिहिलं आहे.

हॉस्पिटल

खुब्याचं हाड मोडलं होतं. तिला स्मिताच्याच वॉर्डात आणलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण नाचायचं नाव नको.

मुदीरनं हॉलमध्ये जाऊन जमीन तपासली. एक फळी निखळलेली नव्हती, एक खिळा वर नव्हता. तो म्हणाला, बाई म्हातारी होती, पाय मुरगळला. दत्ताला कुणी शब्द बोललं नाही. त्यामुळे तो जास्त खंगला. घरी येऊन जेवायचा नाही, लेकीशी बोलायचा नाही. एक दिवस म्हणाला, "आये, तिका सांगूक होया."

स्मिता भाजी चिरत होती, ती थांबली. "अहो, येडे झालात का? सांगितलं अन् ती भाची साहेबाला बोलली तर उद्या विमानात बसवतील तुम्हाला. पोरीची शाळा आहे. आई, तुम्ही तरी सांगा यांना."

मी दत्ताला म्हटलं, "सांग. पण तिचा खावन जावंदे आधी."

स्मिता माझ्याशी त्या दिवशी बोलली नाही. पण सांगायला तीच बरोबर आली. तिच्याशिवाय बोलणार कोण होतं?

मी पेज नेली होती. रोसारियोनं चार चमचे घेतली. दत्ता पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला आणि हिंदीत, मराठीत, जमेल तसं सगळं बोलला. पाणी, चिकटपणा, सुकं फडकं. स्मितानं इंग्रजी केलं. पिलारनं स्पॅनिश करायच्या आधीच रोसारियोनं हात वर केला. तिला कळलं होतं.

ती म्हणाली, "मी बघितलं होतं. ती जागा मी वाजवून बघितली नाही, कारण तिथे तुम्ही देवाला बोलावलं होतं. शेवटची गिरकी तिथेच घ्यायची असं मी ठरवलं. आयुष्यभर लोकांनी माझ्यासाठी जमिनी ठोकल्या. जमिनीला हात जोडलेले मी पहिल्यांदा बघितले."

मग तिनं तोंड भिंतीकडे केलं. आम्ही निघालो. तिनं दत्ताला माफ केलं असं मी लिहिणार नाही. तसं ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी पिलारचा स्मिताला निरोप आला. आत्याला त्या कोपऱ्यातली फळी हवी आहे. जमीन तोवर उपटून शुवैखला आणलेली होती. दत्तानं ती फळी शोधली, हातभर तुकडा कापला, कडा घासल्या आणि या वेळी ओल्या फडक्यानं पुसून घेऊन गेला. पलंगावर जेवायला लावतात त्या टेबलावर ती ठेवली. रोसारियोनं मूठ वळली आणि बोटांच्या पेरांनी वाजवायला लागली. आधी हळू, मग जोरात. पिलारनं टाळ्या धरल्या. शेजारच्या खाटेवरची कुवेती म्हातारी उठून बसली आणि मान हलवायला लागली. दुसरी नर्स आली आणि रागावली. स्मिता तिला म्हणाली, "दोन मिनिटं थांब गं, माझी आई आहे असं समज." हे तिनं मराठीतच म्हटलं. ती नर्स केरळची होती, तरी थांबली.

वाजवता वाजवता रोसारियो दत्ताला म्हणाली, "आवाज चांगला आहे. जमीन चांगली केलीस."

दत्ता बाहेर जाऊन जिन्यात बसला. मी त्याला रडताना बापाच्या वेळी बघितलं नव्हतं. तिथे बघितलं.

त्यानंतर तिला वॉकर धरून उभं केलं. दाराशी जाऊन ती परत आली. पिलारनं तिकिटाची चौकशी सुरू केली. एके सकाळी स्मिता कामावर पोचली तर खाट रिकामी होती. पहाटे श्वास लागला आणि ती गेली. रक्ताची गाठ छातीत जाते, स्मितानं सांगितलं. म्हातारं हाड मोडलं की काळजी घेऊनही कधी कधी असं होतं. हॉस्पिटलातून तिनं फोन केला तेव्हा मी कुळथाची पिठी करत होते. ती आम्ही संध्याकाळी खाल्ली. टाकून काय करणार.

शवपेटी विमानात चढवायच्या आधी पिलार मंगफला आली. ती फळी तिनं परत आणली होती. बरोबर न्यायची नाही म्हणाली, मला हिच्यावर पाय ठेवता येणार नाही. दत्ताला तिनं हात दिला. मला मिठी मारली. मला तशी सवय नाही, पण मारू दिली.

फळी तिथेच मंगफला दाराशी पडून आहे. नात तिच्यावर शाळेचे बूट ठेवते. स्मितानं दोनदा टाकायला काढली, दत्तानं दोनदा आत आणली. तो अजून स्टेज करतो. नारळ फोडायचा त्यानं सोडला नाही, पण आता हॉलबाहेर उंबऱ्यावर फोडतो आणि पाण्यानं धुतो.

पडली ती रोसारियो, आणि ती वाचली नाही. ज्यानं नारळ फोडला तो दत्ता जिवंत आहे. जिनं नेला ती मी जिवंत आहे.